तलफ तीच, घोट लहान

अमेरिकेत बोस्टन शहराजवळ मॅक्लीन हॉस्पिटल नावाचं, हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेलं मनोरुग्णालय आहे. दोन दशकांपूर्वी तिथल्या एका खोलीत शिरलेल्या माणसाला आपण दवाखान्यात आलो आहोत, असं वाटलंच नसतं. आरामखुर्ची, टीव्ही, फ्रिज. छोट्या फ्लॅटमधला दिवाणखानाच तो. फ्रिजमध्ये त्या त्या माणसाच्या आवडीची बिअर गार करून ठेवलेली असे. दीड तास इथं बसायचं, टीव्ही बघायचा, वाटलं तर बिअर घ्यायची. खुर्चीशेजारी एक टेबल होतं आणि बिअरचा मग त्याच टेबलावर ठेवायचा होता. त्या टेबलाच्या पोटात एक डिजिटल वजनकाटा दडवलेला होता. मग उचलला आणि परत ठेवला, की नोंद होई: घोट केव्हा घेतला आणि केवढा घेतला.

आपण किती प्यायलो हे सांगताना माणूस चुकतो. कधी मुद्दाम चुकतो, बहुतेक वेळा नकळत. म्हणून हा काटा. पिण्याचा हिशोब ग्लासांत करायचा सोडून घोटांत करायचा, ही त्यामागची कल्पना होती.

या खोलीत येण्याआधी सात दिवस ही माणसं रोज कॅप्सूल घेत होती. एका फेरीत त्या कॅप्सूलमध्ये औषधाचा अंशही नसे, दुसऱ्या फेरीत चीनमधल्या एका वेलीच्या मुळाचा अर्क असे. कोणत्या फेरीत काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काट्यानं जे दाखवलं ते पुढे सांगतो. त्याआधी ते मूळ नीट पाहून घेऊ, कारण त्याची हकिगत दीड-दोन हजार वर्षं जुनी आहे.

मूळ आणि फूल

या वेलीला चिनी भाषेत ‘ग’ म्हणतात आणि मुळाला ‘गन’. दोन्ही मिळून औषधाचं नाव कानाला साधारण ‘गऽ-गन’ असं ऐकू येतं. जपानीत ही वेल ‘कुझु’, आणि त्या शब्दावरून इंग्रजीत झाली ‘कुडझू’. शास्त्रीय नाव प्युएरारिया लोबाटा. वाल, पावटा, सोयाबीन ज्या कुळातले, त्याच शेंगांच्या कुळातली ही वेल. त्रिदलाची मोठी पानं, जांभळ्या फुलांचे सुवासिक घोस आणि जमिनीत खोल गेलेलं, पिठानं भरलेलं जाडजूड मूळ.

ही वेल किती जोमानं वाढते, याचा धडा अमेरिकेनं स्वतःच्या जमिनीवर घेतला. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात जपानी मंडपात ती मांडली गेली आणि लोकांना आवडली. १९३० च्या दशकात वाहून जाणारी माती धरून ठेवायला सरकारनंच शेतकऱ्यांना ती लावायला लावली, लावण्याबद्दल पैसेही दिले. उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत दिवसाला फूटभर वाढणारी ही वेल मग झाडांवर, खांबांवर, ओसाड घरांवर चढली. पुढे त्याच सरकारनं तिची गणना उपद्रवी तणांत केली.

जपानी माणसाला मात्र ‘कुझु’ म्हटलं की आठवतं ते शुभ्र पीठ. मूळ कुटायचं, थंड पाण्यात कालवायचं, गाळायचं, तळाशी बसलेला साका पुन्हा धुवायचा, असं कितीतरी वेळा. कोकणात तवकील करताना हेच तर करतात. नारा प्रांतातलं योशिनो गाव या पिठासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या पारदर्शक वड्या होतात आणि आजारी माणसाला द्यायची गरम पेजही होते.

औषध म्हणून या मुळाचा उल्लेख शन्नुंगच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चीनच्या सर्वांत जुन्या वनौषधी ग्रंथात आहे. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्यानं त्याचा काढा सांगितला. त्यात सात वस्तू होत्या. आपल्या ओळखीचं आलं, ज्येष्ठमध, बोराच्या जातीचं फळ आणि दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या काड्या त्यात होत्या. सर्दी-तापात मान आणि पाठ आखडली, घाम येत नसला, तर हा काढा द्यायचा. आजही जपानमध्ये औषधांच्या दुकानात तो ‘काक्कोन्तो’ या नावानं मिळतो आणि सर्दीची चाहूल लागली की लोक तो घेतात.

दारूशी या वनस्पतीचं नातंही जुनंच. सातव्या शतकातल्या सुन सिमियाव या थोर वैद्याच्या काळापासून चिनी वैद्यकात दारूच्या बाधेवर ती सांगितलेली आढळते. यात एक बारकावा आहे. रात्री जास्त झालेली सकाळी उतरवायला परंपरेनं प्रामुख्यानं वापरलं ते वेलीचं फूल. त्याच्या औषधाला ‘ग-हुआ’ असं वेगळं नाव आहे. फूल आणि मूळ ही चिनी वैद्यकाच्या दृष्टीनं दोन निराळी औषधं. हा भेद का जपायला हवा, ते प्रकरणाच्या शेवटाकडे कळेल.

साखर कुठे जोडली आहे?

मुळात पिठाखेरीज जे लपलेलं असतं, त्याला आयसोफ्लेव्होन म्हणतात. वनस्पती ही द्रव्यं स्वतःच्या संरक्षणासाठी आणि मुळांजवळच्या जिवाणूंशी व्यवहार करण्यासाठी बनवतात. सोयाबीनमध्ये ती भरपूर असतात. कुडझूच्या मुळातली तीन आपल्या कामाची आहेत: डायडझीन, डायडझिन आणि प्युएरारिन. पहिली दोन नावं इतकी सारखी आहेत, की गोंधळ व्हावा. म्हणून पहिल्याला आपण ‘मूळ सांगाडा’ म्हणू.

या सांगाड्यात कार्बनचे १५, हायड्रोजनचे १० आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. तीन कड्यांची चपटी रचना. त्याला ग्लुकोज साखरेचा एक रेणू जोडला की डायडझिन तयार होतं. प्युएरारिनही त्याच सांगाड्याला तोच ग्लुकोज जोडून होतं. दोन्हींत कार्बन २१, हायड्रोजन २०, ऑक्सिजन ९. अणू मोजले तर दोघांत तिळाचाही फरक नाही, पण शरीरात त्यांची वागणूक अगदी निराळी. फरक आहे तो जोडात.

डायडझिनमध्ये साखर ऑक्सिजनच्या अणूमार्फत जोडलेली असते. हा जोड शर्टाच्या बटणासारखा. आतड्यातली एन्झाइम्स आणि जिवाणू ते बटण सहज काढतात, साखर वेगळी होते आणि सांगाडा मोकळा होतो. प्युएरारिनमध्ये साखर थेट कार्बनला जोडलेली असते. ही पक्की शिलाई. ती उसवायला फार कमी जिवाणूंकडे साधन असतं, त्यामुळे प्युएरारिनचा बराच भाग साखरेसकट, जसाच्या तसा रक्तात पोचतो. सोयाबीनमध्ये डायडझिन असतं, पण प्युएरारिन ही कुडझू आणि तिच्या गोतावळ्याची खासियत. या मुळात सर्वांत जास्त असतं तेही प्युएरारिनच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानी रसायनशास्त्रज्ञांनी ते मुळातून वेगळं काढलं.

दारूचा शरीरातला रस्ता

हे मूळ काय करतं हे कळायला दारूचं शरीरात काय होतं ते पाहावं लागेल. पोटातून आणि आतड्यातून शोषलेलं अल्कोहोल यकृतात येतं. तिथं एक एन्झाइम त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हे द्रव्य विषारी आहे. चेहरा लाल होणं, छातीत धडधडणं, मळमळणं, डोकं दुखणं हे त्याचे प्रताप. सुदैवानं लगेच दुसरं एन्झाइम पुढे येतं आणि त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं. पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात राहणाऱ्या या दुसऱ्या एन्झाइमचं नाव एएलडीएच-२. आपल्या गोष्टीचं मुख्य पात्र तेच.

चीन, जपान, कोरिया या देशांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच अधू असतं. जनुकात एका अक्षराचा बदल होतो, प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येऊन बसतं, आणि एन्झाइमचं काम ढासळतं. अशा माणसानं अर्धा ग्लास बिअर घेतली तरी त्याचा चेहरा लालबुंद होतो. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून हा बदल मिळतो, त्यांच्यात दारूचं व्यसन जवळजवळ आढळतच नाही. शरीरच त्यांना पिऊ देत नाही.

माणसानं हीच अवस्था गोळीनं आणायची युक्ती योगायोगानं शोधली. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरानं लिहून ठेवलं, की रबर पक्कं करायच्या एका रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते. पुढे कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं त्याच जातीचं एक रसायन जंतांवर चालेल का, हे पाहत होते. स्वतःवर प्रयोग म्हणून त्यांनी ते घेतलं आणि नंतर थोडंसं मद्य घेतल्यावर दोघांचे हाल झाले. १९४८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ते औषध म्हणजे डायसल्फिराम. आपल्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रांतही ते वापरलं जातं. ते एएलडीएच-२ ला जखडून टाकतं. त्यानंतर कोणी दारू प्यायलं, तर ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि पिणं ही शिक्षा होऊन बसते. डायसल्फिराम धाकानं काम करतं.

दारू आवडणारा हॅमस्टर

हार्वर्डमध्ये बर्ट व्हॅली नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. जर्मनीत जन्मलेले व्हॅली १९३८ साली अमेरिकेत आले. जस्ताचा अणू शरीरातल्या एन्झाइम्समध्ये काय करतो, या विषयात त्यांनी आयुष्य घातलं. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करणाऱ्या पहिल्या एन्झाइममध्ये जस्तच असतं आणि त्या वाटेनंच ते दारूच्या प्रश्नापर्यंत आले. त्यांचे सहकारी विंग-मिंग क्यूंग यांनी चिनी वैद्यकाच्या भांडारात शोध घेतला आणि दोघं या मुळापाशी पोचले.

परीक्षेसाठी त्यांनी सीरियन सोनेरी हॅमस्टर निवडला. बहुतेक उंदीर दारूला तोंड लावत नाहीत, हॅमस्टरला मात्र ती पाण्यापेक्षा प्रिय. पिंजऱ्यात दोन बाटल्या ठेवायच्या, एकीत पाणी आणि दुसरीत १५ टक्के अल्कोहोल, आणि त्याला हवं ते पिऊ द्यायचं. मुळाचा अर्क दिल्यावर हॅमस्टरांचं दारू पिणं निम्म्याहून कमी झालं. मग अर्कातली द्रव्यं वेगळी करून दिली, तर डायडझिननं आणि मूळ सांगाड्यानंही तोच परिणाम केला. डायडझिन देत राहूनही त्यांच्या खाण्यापिण्यात, वजनात लक्षणीय फरक पडला नव्हता. म्हणजे प्राणी आजारी पडून दारू टाळत होता, असं नव्हतं. १९९३ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली: डायडझिन हे माणसाच्या एएलडीएच-२ ला अडवणारं अत्यंत प्रभावी द्रव्य आहे. त्या एन्झाइमच्या इतर भावंडांना ते फारसा धक्का लावत नाही.

उलगडा झाला असं वाटण्याचा हा क्षण. हजार वर्षं वैद्य जे देत होते, ते म्हणजे नैसर्गिक डायसल्फिराम! पण क्यूंग आणि व्हॅली इथं थांबले नाहीत. त्यांनी हॅमस्टरच्या रक्तातलं ॲसिटाल्डिहाइड मोजलं, आणि डायडझिन दिल्यानं ते अपेक्षेप्रमाणे वाढलेलं आढळलं नाही. शिक्षा झालीच नव्हती, तरी पिणं कमी झालं होतं. मग कशानं?

क्यूंग यांच्या लक्षात आलं, की एएलडीएच-२ फक्त दारूसाठी बनलेलं नाही. माणूस थेंबभर दारू प्यायला नाही, तरी ते दिवसरात्र राबत असतं. मेंदूतली सेरोटोनिन आणि डोपामिन ही संदेशवाहक द्रव्यं काम संपल्यावर मोडीत काढली जातात. त्या मोडणीतही मधल्या टप्प्यावर ॲल्डिहाइड तयार होतात आणि तीही हेच एन्झाइम निस्तरतं. डायडझिननं हात बांधले, की हे मधले ॲल्डिहाइड रेंगाळतात. ते जितके जास्त रेंगाळले, तितकं प्राण्याचं पिणं कमी झालं, असा मेळ त्यांच्या प्रयोगांत दिसला.

या धाग्यावर नंतर नवं औषध विणायचा प्रयत्न झाला. डायडझिनचा साचा समोर ठेवून कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एएलडीएच-२ ला नेमकं अडवणारा कृत्रिम रेणू बनवला. २०१० साली त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की हा रेणू कोकेनच्या मागे लागणंही कमी करतो. त्यांनी सांगितलेली यंत्रणा मोठी सुरेख आहे. डोपामिन उसळलं की त्याचं मधलं ॲल्डिहाइड वाढतं. एन्झाइम अडवलेलं असल्यानं ते साचतं, डोपामिनशीच जुळून एक नवा रेणू तयार करतं आणि तो नवा रेणू डोपामिनच्या निर्मितीला लगाम घालतो. पूर आला की आपोआप पडणाऱ्या झडपेसारखं हे आहे. एरवी झडप उघडीच राहते.

प्युएरारिनचं कोडं मात्र यानं सुटत नाही. पक्क्या शिलाईचं हे भावंड एएलडीएच-२ ला फारसं अडवत नाही, तरी दारूप्रिय उंदरांत त्यानंही पिणं घटवलं. दारू एकदम तोडल्यावर उंदरांना येणारी अस्वस्थता त्यानं कमी केल्याचंही दिसलं. म्हणजे एकाच मुळात दोन वेगळ्या किल्ल्या असाव्यात आणि त्या वेगळ्या कुलपांना लागत असाव्यात.

काट्यानं काय दाखवलं?

माणसांवरची सुरुवातीची एक परीक्षा फसली. २००० साली अमेरिकेत जुन्या व्यसनाच्या ३८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना महिनाभर दिवसातून दोनदा १.२ ग्रॅम मूळ, काहींना औषध नसलेल्या गोळ्या. दारू पिण्यात किंवा तलफेत दोन्ही गटांत काही फरक दिसला नाही. त्या मुळातलं आयसोफ्लेव्होनचं प्रमाण फार कमी असावं, असं नंतरच्या संशोधकांनी सुचवलं.

मॅक्लीनमध्ये स्कॉट लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून अर्कच आधी नीट मापून घेतला. त्यात २५ टक्के आयसोफ्लेव्होन होती, पैकी १९ टक्के प्युएरारिन, ४ टक्के डायडझिन आणि २ टक्के मूळ सांगाडा. १४ जणांवरचा हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या फेरीत ही माणसं दीड तासात सरासरी साडेतीन बिअर पीत. अर्क घेतलेल्या फेरीत ती संख्या १.८ वर आली, म्हणजे जवळपास निम्मी.

घोटांच्या नोंदींत याहून मोलाचं काही होतं. अर्क घेतल्यावर एका बिअरमागे घोटांची संख्या वाढली होती आणि प्रत्येक घोट लहान झाला होता. एक बिअर संपायला जास्त वेळ लागत होता. आणि तलफ? प्यावंसं किती वाटतं, हे त्यांना विचारलं होतं. त्यात काही फरक नव्हता. इच्छा जशीच्या तशी होती, हात मात्र मगकडे वेगळ्या चालीनं जात होता.

पुढे नुसत्या प्युएरारिनवरही असाच छोटा प्रयोग झाला आणि त्यातही पिणं घटलं, म्हणजे कामाची मुख्य किल्ली तीच असावी, असा संशोधकांचा कयास झाला. २०१३ साली आलेला अभ्यास जास्त लांब पल्ल्याचा होता. व्यसन सोडायला न आलेले, पण भरपूर पिणारे १७ तरुण. चार आठवडे, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी २५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन. आता प्रयोगशाळेतली खोली नव्हती, पिणं ज्याच्या त्याच्या रोजच्या आयुष्यातलं. आठवड्याचे पेग ३४ ते ५७ टक्क्यांनी कमी झाले. अजिबात न प्यायलेले दिवस वाढले. तलफेच्या आकड्यात याही वेळी हालचाल नव्हती.

असं का होत असावं, याचा एक दुवा २०११ च्या एका अभ्यासात आहे. अर्क घेतलेल्या माणसांना मोजून दारू दिली, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात रक्तातलं अल्कोहोल जरा वेगानं चढलं. तोल, लक्ष, झिंग यांत विशेष फरक नव्हता. यावरून लुकास यांचा तर्क असा: दारू मेंदूपर्यंत जरा लवकर पोचते, पहिल्याच ग्लासाचं समाधान लवकर होतं आणि दुसऱ्या ग्लासाची ओढ मंदावते. हा तर्क आहे, पूर्ण उलगडा नाही. शिवाय १४ किंवा १७ माणसं म्हणजे फार थोडी. यांवरून दवाखान्यात द्यायचं औषध ठरत नाही. पुढे कोणता प्रश्न विचारायचा, एवढंच ठरतं.

उतारा आणि त्याची किंमत

बाजार मात्र इतका वेळ थांबत नाही. कुडझूचं मूळ ‘हँगओव्हरवर उतारा’ म्हणून गोळ्यांत आणि पेयांत विकलं जातं. इथं तो मूळ आणि फुलाचा भेद आठवावा. चिनी परंपरेनं उताऱ्यासाठी फुलाला जवळ केलं, बाजारानं मूळ उचललं. मुळातलं डायडझिन एएलडीएच-२ ला अडवतं, हे आपण पाहिलं. दारू भरपूर पिऊन वर ॲसिटाल्डिहाइड निस्तरणाऱ्या एन्झाइमचेच हात बांधायचे, ही उलटी वाट झाली. ॲसिटाल्डिहाइड नुसतं मळमळवत नाही, ते डीएनएला इजा करतं. जन्मतः अधू एन्झाइम असलेली माणसं पीत राहिली, तर त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणूनच २००७ साली एका शास्त्रीय लेखात या उताऱ्यांबद्दल स्पष्ट इशारा दिला गेला. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य या मुळाच्या बाबतीत तरी म्हणू नये.

आपल्याकडेही एका गोष्टीबद्दल कळकळीनं सांगावंसं वाटतं. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर, एसटीत, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. गांजलेल्या घरातली बाई ती पुडी आमटीत, चहात कालवते. तिचा दोष नाही, तिच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवलेली नसते. पण त्या पुडीत डायसल्फिरामसारखं काही असेल आणि तो माणूस नेहमीसारखा पिऊन आला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडणंही धोक्याचं असतं. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली आणि पिणाऱ्याला सांगून, विश्वासात घेऊनच. मॅक्लीनच्या खोलीतल्या माणसांनी कागदावर सही करून, माहितीनिशी त्या कॅप्सूल घेतल्या होत्या.

आपला भुईकोहळा

कुडझूची एक सख्खी बहीण सह्याद्रीच्या रानांत वाढते. प्युएरारिया ट्युबरोसा, म्हणजे घोडवेल. तिचा जमिनीतला कंद हा विदारीकंद, आपल्या माणसांच्या तोंडी भुईकोहळा. प्युएरारिन आणि डायडझीन त्यातही असतात. आयुर्वेदानं याच रसायनांच्या कंदाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहिलं. बलवर्धक म्हणून, बाळंतिणीला दूध यावं म्हणून तो दिला, च्यवनप्राशात घातला. एकाच गोतावळ्यातली दोन मुळं, हिमालयाच्या दोन बाजूंना, दोन परंपरांत दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरली गेली. यावरून भुईकोहळ्यानं दारू सुटते, असा निष्कर्ष काढायचा मोह टाळायला हवा. त्या कंदावर तशी परीक्षा व्हायला हवी. शिवाय विदारी या नावानं बाजारात रताळ्याच्या कुळातल्या एका वेलीचाही कंद विकला जातो, आणि दोन्हींचं कुळच वेगळं आहे. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, त्यात कोणतं द्रव्य किती, हे प्रश्न कुडझूला विचारले तेव्हा कुठे ती बोलली.

ती जे बोलली, ते औषधाइतकंच माणसाबद्दलही आहे. दारू पिणाऱ्याला आपण ‘मनावर घे’ असं सांगतो. त्याचं मन दुबळं म्हणून तो पितो, अशी आपली समजूत असते. टेबलातल्या काट्यानं ती समजूत खोडून काढली. ज्यांचं पिणं निम्म्यावर आलं, त्यांच्या मनात प्यायची इच्छा पूर्वीइतकीच होती. त्यांनी मनावर काही घेतलं नव्हतं, कसला निश्चय केला नव्हता. फरक पडला तो घोटाच्या मापात, दोन घोटांमधल्या वेळात आणि पुढच्या मगकडे हात जाण्यात. पिणं हे अशा लहान लहान कृतींचं बनलेलं असतं आणि त्यांतल्या कितीतरी गोष्टी रसायनाच्या ताब्यात असतात, निश्चयाच्या नाही. हे ध्यानात घेतलं, तर घरातल्या पिणाऱ्या माणसाशी बोलताना आपल्या आवाजातली हेटाळणी कमी होईल, आणि डॉक्टरांकडे चल म्हणणं दोघांनाही सोपं जाईल.